पोकळीतला धातू

गोदावरी आत्याचा फोटो पेपरात आला, तेव्हा रायपूरच्या भनपुरी भागातल्या त्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता. फोटोत आत्या ओट्यावर बसलेली, दोन्ही पाय लाकडासारखे ताठ समोर पसरलेले, आणि शेजारी पांढरा कोट घातलेली तिची भाची पायल रामटेके. वर ठळक हिंदीत मथळा होता : तिवरा के ज़हर की काट मिली, रायपुर की बेटी का कमाल.

आत्याला वाचता येत नव्हतं. पायलचे वडील गुलाबराव रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालेले; त्यांनी चष्मा चढवून बहिणीला बातमी वाचून दाखवली.

"काट मिली म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

"इलाज सापडला म्हणते."

"कोणाले सापडला?"

"आपल्या पायलले."

आत्यानं चुलीकडे चहाला गेलेल्या भाचीकडे पाहिलं. "मले तं काही सांगतलं नाही इनं."

पायलनं चहात साखर टाकली. सांगण्यासारखं होतं ते पेपरवाल्याला तिच्या गाईडनं, निरंजन सरांनी, आधीच सांगून टाकलं होतं, आणि पेपरवाल्यानं त्यात आपल्या पदरचं घातलं होतं.

आत्याची गोष्ट मात्र खरी होती. भंडाऱ्याकडे तिच्या तरुणपणी एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखोळीची डाळ मिळायची. सकाळी लाखोळी, संध्याकाळी लाखोळी, दुसरं काही नाही. उन्हाळा सरता सरता तिच्या पोटऱ्या आखडल्या, मग गुडघे, आणि एका सकाळी तिला उठताच येईना. नवरा काही दिवस थांबला आणि मग थांबला नाही. गुलाबराव तिला रायपूरला घेऊन आले. भंडाऱ्याला जी लाखोळी, तीच छत्तीसगढात तिवरा. विष तेच, नाव वेगळं.

पेपरात लिहिलं होतं की आत्याचे हाल पाहूनच पायलनं या संशोधनाला वाहून घेतलं. तसं काही नव्हतं. पायलनं पीएचडीला नाव घातलं तेव्हा निरंजन सरांच्या लॅबमध्ये एक जागा रिकामी होती, आणि विषय सरांकडे आधीपासून पडून होता. तिच्या घरात अशी आत्या आहे हे सरांना पुष्कळ नंतर कळलं. कळल्यावर त्यांना आनंदच झाला, आणि घरी हौसेनं काढलेला दोघींचा फोटो त्यांनी पायलकडून मागून घेतला.

विषय असा होता. अभनपूरच्या बाजूला, वर्षानुवर्षं तिवरा पेरल्या जाणाऱ्या एका शेताच्या मातीत सरांना एक जिवाणू सापडला होता. तो तिवऱ्यातलं विष खाऊन पचवतो. त्याच्या पोटातलं एक एन्झाइम त्या विषाचे दोन तुकडे करतं. डाळ भिजवायच्या पाण्यात ते एन्झाइम टाकता आलं तर डाळ निर्धोक होईल, असं सरांचं स्वप्न. पण त्याआधी ते एन्झाइम दिसतं कसं आणि चालतं कसं, हे कळायला हवं होतं. ते काम पायलचं.

प्रोटीनचे स्फटिक वाढवायचे, इंदूरच्या मोठ्या यंत्रात त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि मागे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटरकडून एक नकाशा काढून घ्यायचा. हा नकाशा ढगांचा असतो. जिथे इलेक्ट्रॉन जास्त तिथे ढग दाट. त्या ढगात प्रोटीनची साखळी वाकत, वळत जाताना दिसते, आणि माणूस पडद्यासमोर बसून एकेक अणू त्यात बसवत जातो. पायलचे स्फटिक दोन वर्षं वाढलेच नाहीत. मग वाढले, तेही तांदळाच्या कणीएवढे. नकाशा निघाला. साखळी बसली. आणि एन्झाइमच्या मधोमध, जिथे विष येऊन अडकत असणार त्या पोकळीत, एक गोल, गच्च ढग उरला. इतका गच्च ढग पाण्याचा नसतो. तो धातूच.

"झिंक," सर तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले होते. "या घराण्यातल्या सगळ्या एन्झाइममध्ये झिंकच असतं."

पायलनं तिथे झिंक बसवलं. ते बसलं. पण ढगावर नाव लिहिलेलं नसतं, ही त्यातली मेख आहे. झिंकचे इलेक्ट्रॉन तीस, निकेलचे अठ्ठावीस. ढगाला एवढा फरक कळत नाही. कळतो तो शेजाऱ्यांवरून. झिंकला साधारण चार शेजारी पुरतात. पायलच्या धातूभोवती सहा होते : प्रोटीनचे तीन हात आणि पाण्याचे तीन थेंब, वर-खाली, डावी-उजवीकडे, मागे-पुढे, अगदी काटकोनात.

तिनं सरांना दाखवलं.

"झिंकलाही सहा असतात कधी कधी," सर म्हणाले. "आणि इंदूरला आपण झिंकच्या ऊर्जेवर डेटा घेतला होता ना? तिथे खूण किती जोरात आली होती! मग आता आणखी काय पाहिजे?"

सरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. प्रत्येक धातूची क्ष-किरणांची एक ठरावीक ऊर्जा असते, ती त्याची पायरी. त्याहून कमी ऊर्जेचे किरण टाकले तर तो मुका राहतो, त्याहून जास्त टाकले की त्याची खूण नकाशात उमटते. झिंकच्या पायरीच्या किंचित वर डेटा घेतला आणि खूण उमटली, तेव्हा धातू झिंक, असं सरांनी धरलं. पायलनंही तेव्हा तसंच धरलं होतं.

शंकेची पाल चुकचुकली ती भांडी धुताना. लॅबमध्ये काचेच्या एका उभ्या नळीत बारीक मणी भरलेले असत, मोरपिसासारखे निळसर हिरवे. त्या मण्यांवर निकेल चिकटवलेलं असतं. एन्झाइमला मुद्दाम एक शेपूट जोडायचं, ते निकेलला धरतं, बाकीचा गाळ वाहून जातो, आणि मग एन्झाइम सोडवून घ्यायचं. जगभर हेच करतात. पायल ती नळी धूत होती आणि मण्यांचा वरचा थर तिला पांढरा पडलेला दिसला. निकेल गेलं होतं. कुठे गेलं होतं?

ती हात पुसून खुर्चीवर बसली. निकेलची पायरी झिंकच्या खाली. म्हणजे झिंकच्या पायरीवर उभं राहून हाक मारली तर झिंकही ओ देणार आणि निकेलही. इंदूरला आलेली ती जोरदार खूण दोघांपैकी कोणाचीही असू शकत होती.

याचा निवाडा सोपा होता. झिंकच्या पायरीच्या जरा खाली उतरून पुन्हा बघायचं. झिंक असेल तर खूण नाहीशी होईल. निकेल असेल तर तिथेच राहील.

इंदूरच्या यंत्रावर वेळ मिळायला दिवाळी उजाडली. सरांना तिनं एवढंच सांगितलं की आणखी चांगला डेटा हवा आहे. ते खोटं नव्हतं. तिथे तिनं ऊर्जा झिंकच्या खाली आणली, स्फटिक फिरवला, आणि नकाशा निघेपर्यंत कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले. परत येऊन पाहिलं. खूण जागच्या जागी होती, तेवढीच मोठी. मग ती निकेलच्याही खाली गेली. तिथे पोकळी मुकी झाली.

निकेल होतं. शेतातलं नाही, जिवाणूचं नाही. त्यांच्या स्वतःच्या नळीतलं.

तिला रडू वगैरे आलं नाही. परतीच्या गाडीत तिला झोप मात्र चांगली लागली, याचं तिलाच नवल वाटलं.

निरंजन सरांचं घराणं पुरानी बस्तीतलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेलं. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. राज्य नवं झालं, राजधानी झाली, युनिव्हर्सिटीला नवी इमारत मिळाली, पण सरांच्या लॅबला त्यातलं फारसं काही आलं नाही. ही बातमी, हा शोधनिबंध, ही त्यांची पहिली मोठी गोष्ट होती. निबंध एका चांगल्या मासिकाकडे गेलेला होता. त्याच्या नावातच झिंक होतं.

पायलनं तिन्ही नकाशे टेबलावर ठेवले. सरांनी ते एकामागून एक पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही, सर."

"मग राज्योत्सव होऊ दे. पुढच्या आठवड्यात स्टॉल आहे, पोस्टर छापून झालंय, कुलगुरू येणार आहेत. नंतर बघू."

"सर, पोस्टरवर आत्याचा फोटो आहे."

"माहीत आहे मला."

"आणि खाली लिहिलंय की..."

"पायल, सध्या एवढंच."

 मूग गिळणं तिला नवं नव्हतं. गल्लीतून वर आलेल्या पोरीला ते लवकर शिकावं लागतं. पण या वेळी मूग काही खाली उतरेनात.

राज्योत्सव, म्हणजे राज्याच्या स्थापनेची जत्रा, नव्या रायपूरला. मंत्रालय तिकडे गेल्यापासून रस्ते हे एवढे रुंद आणि माणसं कुठे कुठे. फक्त उत्सवाच्या दिवसांत तिथे गर्दी होते. बसगाड्या भरभरून गावंच्या गावं येतात, पाळण्यात बसतात, स्टॉल पाहतात, भजी खातात. युनिव्हर्सिटीच्या स्टॉलवर पोस्टरमधून आत्या लोकांकडे बघत होती. पायल तिच्या खाली उभी. सर मागच्या खुर्चीवर, कुलगुरूंची वाट पाहत.

दुपारी एक बाई आली. बरोबर नवरा, त्याच्या दोन्ही हातांत काठ्या, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत पडणारे. बाईनं पिशवीतून पेपराचं कात्रण काढलं आणि पोस्टरशी ताडून पाहिलं.

"दवई कहाँ मिलही, नोनी?" औषध कुठे मिळेल, पोरी?

पायलनं मागे पाहिलं. सर पुढ्यातल्या कागदांत डोकं घालून होते.

"दवई अभी नइ बने हे, दाई," पायल म्हणाली.

"पेपर म तो छपे हे."

"हव, छपे हे. फेर बने नइ हे."

बाई कात्रणाकडे पाहत राहिली. पेपर खोटं बोलतो की ही पोरगी, याचा तिला निर्णय करता येईना. नवरा मात्र समजल्यासारखा एका काठीवरून दुसऱ्या काठीवर भार टाकत होता. ते कोणत्या गावाहून आले ते पायलनं विचारलं नाही. कळलं असतं तर आणखी जड गेलं असतं. तिनं बाईला एवढं सांगितलं की घरी पोरं असतील तर तिवरा रात्रभर भिजत घाला, उकळा, ते पाणी फेकून द्या, पुन्हा नव्या पाण्यात शिजवा, आणि रोज रोज तेच खाऊ नका. याच्या पायांचं काय, असं बाईनं विचारलं. पायांचं काही होणार नाही, असं पायल म्हणाली. याहून मऊ शब्द तिला सापडला नाही.

ते दोघं गेल्यावर सर उठून आले. पोस्टरच्या कोपऱ्यांना लावलेल्या टेपा त्यांनी नखानं सोडवल्या. एक टेप सुटेना, तेव्हा पोस्टर थोडं फाटलं. त्यांनी ते गुंडाळून टेबलाखाली ठेवलं.

"कुलगुरू येतायत ना, सर?"

"येऊ देत. बाकीची पोस्टरं आहेत ना."

 कुलगुरू आले, हसले, फोटो काढून गेले. त्यांना काही कमी आहे असं वाटलंही नाही.

पण सर लगेच पूर्ण विरघळले असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये नवा मुद्दा काढला. या स्फटिकात निकेल घुसलं असेल. त्यानं खरा धातू झिंक नाही असं कुठे ठरतं? निकेलनं झिंकची जागा बळकावली असेल.

"बरोबर आहे, सर," पायल म्हणाली. कारण ते बरोबरच होतं. "तपासून पाहू."

हे काम हिवाळाभर चाललं. नळीत निकेल नाही, शेपूट नाही. एन्झाइम जुन्या, किचकट रीतीनं गाळायचं, मग धातू ओढून घेणारं एक रसायन घालून ती पोकळी रिकामी करायची. रिकामं एन्झाइम मेल्यासारखं पडून राहतं. मग वेगवेगळ्या बाटल्यांत वेगवेगळा धातू घालायचा आणि कोणत्या बाटलीत ते जागं होऊन विष तोडू लागतं ते पाहायचं. निकेलमध्ये ते रडतखडत चालायचं. म्हणूनच इतके दिवस कोणाला संशय आला नव्हता. झिंकमध्ये ते हललंच नाही. पायलनं झिंक वाढवलं. तरी नाही. सर स्वतः कोट घालून उभे राहिले, स्वतःच्या हातानं झिंकचं पाणी टाकलं, आणि यंत्रावरची सपाट रेघ पाहत राहिले.

"मँगनीज टाकलंस का?"

"टाकलंय, सर. शेजारची बाटली."

शेजारच्या बाटलीची रेघ उभी चढत होती.

सरांनी कोट काढून खुंटीला लावला. मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी मासिकाला मेल लिहिला : धातूची ओळख चुकली आहे, निबंध मागे घेत आहोत. पाठवण्याआधी पायलला वाचायला दिला. त्यात चूक कोणाची, असं काही लिहिलेलं नव्हतं, आणि ते तिला ठीक वाटलं.

पेपराचं मात्र तसं नव्हतं. सरांनी त्या वार्ताहराला फोन केला. त्यानं विचारलं, "सर, मतलब दवाई और अच्छी वाली बन रही है?" सरांनी फोन ठेवून दिला. दुरुस्ती काही छापून आली नाही. आणि गल्लीत अधूनमधून कोणी ना कोणी पत्ता शोधत येतच राहिलं.

एका रविवारी सर पायलच्या घरी आले. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी फिरकले नव्हते. ट्रकांच्या रांगांतून वाट काढत त्यांची जुनी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. गुलाबरावांनी सवयीनं "जय भीम" म्हटलं आणि जीभ चावली. सरांनी हात जोडले आणि थोडं थांबून "जय भीम" म्हणाले. आत्या ओट्यावर होती. ती कोणासाठी उठू शकत नाही, म्हणून सरच खाली पायरीवर बसले.

"गोदावरीबाई, तुमचा फोटो मी पेपरात दिला. त्यात जे छापलं ते खरं नव्हतं. म्हणजे, अजून खरं झालेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला, तेही चुकलं."

आत्यानं भाचीकडे पाहिलं. "काय म्हणून राहिले हे?"

"म्हणतात की औषध नाही निघालं, आत्या. चूक झाली."

"ते तं मले ठाऊकच होतं," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं झाले, माये पाय कोणत्या औषधानं सरळ होतीन? पण सर, एक सांगा. फोटो काहून माया दिला? तुमच्या मशीनीचा काहून नाही दिला?"

 पायलला वाटलं, सर आता काहीतरी मोठं बोलतील, करुणा वगैरे. ते म्हणाले, "मशीनचा फोटो कोणी छापला नसता."

आत्या हसली. मोठ्यानं, दात दाखवून. "हे खरं बोल्ले." मग आत ओरडली, "पोट्टे, चाय आण सरांले."

सरांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला, कप बशीत नीट ठेवला, आणि गुलाबरावांशी जुन्या वर्कशॉपच्या भोंग्याबद्दल थोडं बोलून निघून गेले. पायल त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. माफी मागितल्याचा त्यांच्या चेहऱ्यावर काही हलकेपणा नव्हता. उलट ते थकलेले दिसले.

मँगनीज घातलेल्या एन्झाइमचे स्फटिक त्या साली झाले नाहीत. सर निवृत्त झाले तेव्हाही झाले नव्हते. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सरांच्या शोधाबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढच्या थंडीत अचानक, विसरून गेलेल्या एका ट्रेमध्ये, स्फटिक दिसले. एव्हाना परदेशातल्या एका गटानं याच घराण्यातल्या दुसऱ्या एन्झाइमची रचना छापलीही होती, मँगनीजसकट. पायलनं तो निबंध वाचला. त्यांचं काम चांगलं होतं. आपण पहिल्या असतो तर कसं वाटलं असतं, याचा तिनं थोडा वेळ विचार केला आणि इंदूरचं तिकीट काढलं.

या वेळी तिनं ऊर्जा मँगनीजच्या पायरीच्या वर नेऊन पाहिली, खाली आणून पाहिली. वर खूण होती, खाली नव्हती. शेजारी सहाच्या सहा. अंतरंही निकेलहून किंचित लांब, जशी मँगनीजची असायला हवीत तशी.

रचना जगाच्या सामायिक भांडारात जमा करायच्या दिवशी तिनं पुरानी बस्तीत फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"सर, आज पाठवतेय."

"अंतरं सांग."

तिनं सांगितली. सर प्रत्येक आकड्यावर हुंकार देत होते.

"पाणी?"

"तीन आहेत. दोन पक्की. तिसऱ्याचा ढग जरा विरळ आहे."

"मग तिसरं काढून टाक," सर म्हणाले. "शंका असेल ते ठेवायचं नाही. आपण एकदा भोगलंय."

"बघते, सर."

फोन ठेवून तिनं तो नकाशा पुन्हा उघडला. तिसरा ढग विरळ होता, पण गोल होता. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. पाणी काढून टाकलं आणि नकाशा पुन्हा काढायला लावला. तीच जागा रिकामी राहून हिरवी उमटली, म्हणजे तिथे काहीतरी हवं होतं. बसवलं, तर हिरवं गेलं. धातूपासूनचं अंतर ठीक होतं. सरांनी हे पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं.

तिनं तिसरं पाणी ठेवलं, धातूच्या रकान्यात मँगनीज लिहिलं, आणि फाईल पाठवून दिली. मग खाली जाऊन ती मेसमध्ये जेवली. त्या दिवशी भाजी भोपळ्याची होती आणि तिला भूक लागलेली होती.